पुतळा, हायवे आणि अकरा जुलै

"पुतळ्यांच्या भानगडीत आपण पडू नये," असं आमच्या घरातले एक बुजुर्ग नेहमी म्हणतात. कुठं विटंबना झाली, कुठं रास्ता रोको झाला, टीव्हीवर पट्टी फिरू लागली की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं. आपल्या दीनमध्ये मुजस्समा चालत नाही, मग ज्यांनी उभारला आणि ज्यांनी काळं फासलं ते आपापसांत बघून घेतील, आपलं त्यात काय?

त्यांचं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. दुसरं नाही. ते का नाही, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे सुरुवात शब्दांपासून करायची खोड आहे. मराठीत मूर्ती आणि पुतळा हे दोन वेगळे शब्द आहेत. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, पुतळ्याचं अनावरण होतं. मूर्तीला नैवेद्य दाखवतात, पुतळ्याला जयंतीला हार घालतात. नेत्याचा 'पुतळा' जाळला जातो, मूर्ती कुणी जाळत नाही. उर्दूतही असे दोन शब्द आहेत. बुत म्हणजे ज्याची पूजा होते ते. मुजस्समा म्हणजे ज्याला जिस्म दिलं ते, घडवलेलं शरीर. चौकातल्या गांधींना किंवा शिवाजी महाराजांना उर्दू वर्तमानपत्रं 'मुजस्समा'च म्हणतात. आमच्या उलेमांचा आक्षेप दोघांवरही असू शकतो, पण भाषेनं हा फरक जपून ठेवला आहे.

'बुत' या फारसी शब्दाचं मूळ 'बुद्ध' या शब्दात आहे, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. मनवेलपाड्यात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून गंमत वाटायला हवी. इथून जवळच नालासोपाऱ्यात 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली तेव्हा आत स्तूप निघाला, आणि स्तुपाच्या पोटातल्या दगडी पेटीत धातूच्या आठ बुद्धमूर्ती सापडल्या. ज्या शब्दानं आम्ही पुतळ्याला नाकारतो, तो शब्दच बहुधा या बुद्धाच्या नावावरून आलेला आहे. असो. हे विषयांतर झालं, पण वर्गात सांगितलं की मुलं जागी होतात.

आता रस्त्यावर येऊ. विरारहून मुंबईकडे हायवेनं निघा किंवा गुजरातकडे, नाक्यानाक्यावर पुतळे दिसतात. त्यांच्यात दोन जाती आहेत. एक मोठे, ब्राँझचे, घोड्यावर बसलेले, सरकारी किंवा महापालिकेच्या पैशानं झालेले. त्यांना चबुतरा, कुंपण, दिवे, कोनशिलेवर मंत्र्यांची नावं. दुसरे छोटे, सिमेंटचे किंवा फायबरचे, वस्तीच्या तोंडाशी, वर पत्र्याचं नाहीतर काँक्रीटचं छत्र. ते वर्गणीतून झालेले असतात. पहिल्या जातीचे पुतळे रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी असतात. दुसऱ्या जातीचे पुतळे तिथं राहणाऱ्यांसाठी. पुतळ्यावरून झालेल्या बहुतेक रक्तपाताचा संबंध या दुसऱ्या जातीशी आहे, आणि त्याचं कारण कलेत शोधून सापडत नाही.

मुंबईत रस्त्यावर पुतळे उभे करायची पद्धत इंग्रजांची. १८७२ साली राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा फोर्टात उभा राहिला. मॅथ्यू नोबल नावाच्या इंग्रज शिल्पकारानं तो घडवला होता आणि पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिले होते. १८७९ मध्ये त्याच परिसरात प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा आला. तोच काळा घोडा. तो दिला अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी, बगदादी ज्यू व्यापारी घराण्यातल्या माणसानं. देणारे सगळे हिंदी, पुतळे सगळे राज्यकर्त्यांचे. दरबारात नजराणा द्यावा तशी ही रीत होती.

मग १८९६ मध्ये दामोदर चाफेकरांनी व्हिक्टोरियाच्या त्या पांढऱ्याशुभ्र पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढं रँडच्या खुनानंतर पकडले गेल्यावर त्यांनी स्वतःच ते सांगितलं. आपल्याकडं पुतळ्याला चपलांचा हार घालण्याच्या प्रकाराची ही बहुधा सर्वांत गाजलेली सुरुवात. १९४२ च्या चळवळीत कोल्हापुरात गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याची हीच गत झाली. त्यात स्त्रिया पुढं होत्या. पुढं तो पुतळा गेला आणि त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा आला. या दोन्ही घटनांत अपमानाची दिशा एकच आहे, खालून वर. ज्याच्या हातात काही नाही तो ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्या दगडी चेहऱ्यावर डांबर ओततो. इतिहासाच्या पुस्तकात आपण याला शौर्य म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजांचे पुतळे निघाले. १९६५ मध्ये काळा घोडा उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. व्हिक्टोरियाबाईही तिथंच शेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहेत. मुंबई यावर पेटली नाही. त्या पुतळ्यांच्या पायाशी कुणाचं घर नव्हतं.

बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांची गोष्ट इथून सुरू होते आणि ती अगदी वेगळी आहे. ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. यातला विरोधाभास असा की याच्या वर्षभर आधी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात, राजकारणात विभूतिपूजा शिरली की ती हुकूमशाहीकडं नेते, असा इशारा त्यांनी दिला होता. त्यांच्या अनुयायांनी पुतळे उभारले म्हणून पुष्कळ शहाणी माणसं हाच इशारा त्यांच्या तोंडावर फेकतात. मला हा युक्तिवाद नेहमी अर्धवट वाटतो. ज्याला गावाच्या विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, चावडीच्या ओट्यावर उभं राहता आलं नाही, त्यानं भर चौकात आपल्या माणसाला सुटाबुटात उभं केलं, तर त्याला नुसती विभूतिपूजा म्हणून मोकळं होता येत नाही.

आज गावोगावी जो पुतळा दिसतो, निळा कोट, एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचं बोट पुढं, त्याची ठेवण संसदेच्या आवारातल्या पुतळ्यासारखी आहे. तो १९६७ मध्ये बसला. शिल्पकार ब्रह्मेश वाघ, मराठी माणूस. तिथून ती प्रतिमा सिमेंटमध्ये, प्लास्टरमध्ये, फायबरमध्ये उतरत गेली. चेहरा कधी जमतो, कधी जमत नाही. चष्मा आणि बोट मात्र चुकत नाही. कलासमीक्षक नाकं मुरडतात. मला विचाराल तर गावच्या दर्ग्याच्या हिरव्या रंगाला जेवढं कलेच्या कसोटीवर घासायचं तेवढंच यालाही घासावं.

झोपडपट्टीच्या बाबतीत या पुतळ्याचं आणखी एक काम असतं. मुंबईत हायवे झाले तसे त्यांच्या कडेला लोक वसले, कारण दुसरी जागा नव्हती. अशा वस्तीकडं सातबारा नसतो, पक्का पत्ता नसतो. महापालिकेच्या कागदावर ती 'अतिक्रमण' असते. मग वस्तीच्या तोंडाशी एक पुतळा बसतो आणि वस्तीला नाव मिळतं. बसमधून उतरताना सांगायला खूण मिळते. बुलडोझर आलाच तर आधी इथं थांबेल अशी आशाही असते. आम्ही मुसलमान हे मनात ओळखतो. रस्त्याकडेच्या मजारीला, चिल्ल्याला, मदरशाच्या कमानीला हेच काम असतं. रस्ता रुंद करताना त्यावर खूण पडली की आमची माणसं कशी गोळा होतात हे मी पाहिलं आहे, आणि त्यात निव्वळ अकीदा नसतो. आपण इथं आहोत, हे सांगणारी शेवटची वस्तू जाते आहे, ही धास्ती असते.

आता अकरा जुलै. आमच्या पश्चिम रेल्वेवर ही तारीख उच्चारली की २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट आठवतात. ते साहजिक आहे. पण त्याच्या बरोबर नऊ वर्षं आधी, ११ जुलै १९९७ ला, घाटकोपर पूर्वेला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेला जे झालं ते आमच्या मुलांना कुणी सांगत नाही.

माता रमाबाई आंबेडकर नगर ही हायवेला लागून असलेली वस्ती. दर्शनी भागात बाबासाहेबांचा पुतळा. त्या सकाळी लोक कामाला निघाले तेव्हा पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार दिसला. बातमी गल्लीगल्लीत गेली, माणसं जमली, हायवेवर उतरली आणि वाहतूक थांबली. पावसाळ्याची सकाळ, कामावर जायची वेळ. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या आदेशावरून गोळीबार झाला. पाणी नाही, लाठी नाही, थेट गोळ्या. दहा माणसं मेली, पंचवीसहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत घोषणा देणारे होते तसे गल्लीत नुसते उभे असलेलेही होते. बऱ्याच जणांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या.

सरकार तेव्हा शिवसेना-भाजप युतीचं होतं. गोळीबाराचं समर्थन असं दिलं गेलं की जमाव हायवेवरचे गॅसचे टँकर पेटवणार होता, पेटले असते तर मोठा अनर्थ झाला असता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगासमोर ही टँकरची कहाणी टिकली नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता असं आयोगानं म्हटलं आणि कदम यांच्यावर ठपका ठेवला. खटला उभा राहायला आणि संपायला मात्र वर्षं गेली. २००९ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयानं कदम यांना जन्मठेप दिली. त्यानंतर हायकोर्टानं शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला.

घटनेनंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. घोगरे हे आयुष्यभर डाव्या चळवळीत गाणारे, आव्हान नाट्य मंचाचे शाहीर. मरताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. आनंद पटवर्धन यांनी घोगरेंना आपल्या जुन्या माहितीपटात गाताना टिपलं होतं. या मृत्यूनंतर त्यांनी चौदा वर्षं चित्रीकरण करून 'जय भीम कॉम्रेड' केला. तो २०११ मध्ये आला. तीन तासांहून मोठा आहे, एका बैठकीत बघणं जड जातं, पण बघावा.

१८९६ च्या व्हिक्टोरियाला आणि १९९७ च्या रमाबाई नगरला शेजारी ठेवून बघा. तीच चपलांची माळ, पण दिशा उलटी झाली. आता ती वरून खाली आली. ज्यांच्याकडं एक सिमेंटचा पुतळा सोडून दाखवण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्या त्या एकुलत्या वस्तूच्या गळ्यात ती पडली. आणि चाफेकरांनी माळ घातली तेव्हा मुंबईत गोळी चालली नव्हती. इथं माळ घालणारा कुणी दुसराच, आणि गोळी खाल्ली माळ बघून रडणाऱ्यांनी.

आता त्या बुजुर्गांच्या प्रश्नाकडं येतो, आपलं त्यात काय.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबानं ९०० माणसं मेली. त्यांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. हे आकडे आमच्यात पुष्कळांना पाठ असतात. त्याच अहवालात मृत्यूच्या कारणांची वेगळी मोजणी आहे, ती फार कमी लोकांनी वाचली आहे. ९०० पैकी ३५६ मृत्यू पोलिसांच्या गोळीबारातले आहेत. चाकूनं मेलेल्यांपेक्षा जास्त. त्या दंगलीनंतर मुसलमान कुटुंबं मुंबईच्या आतल्या मोहल्ल्यांतून मुंब्र्याला, मीरा रोडला गेली, काही आमच्यासारखी पश्चिम रेल्वेच्या टोकाकडं सरकली. श्रीकृष्ण आयोगाचं काम चालू असतानाच, १९९६ च्या सुरुवातीला, युती सरकारनं तो गुंडाळला होता. मग काही महिन्यांत पुन्हा चालू करावा लागला. १९९८ मध्ये अहवाल आला तेव्हा तो नाकारला. रमाबाई नगरचा गोळीबार या दोन तारखांच्या मधला आहे. सरकार तेच. १९९३ च्या जानेवारीत जी बंदूक भेंडीबाजाराकडं वळली होती, ती साडेचार वर्षांनी घाटकोपरला वळली. आम्ही ते 'त्यांचं' म्हणून वाचलं नाही आणि त्यांनी १९९३ 'आमचं' म्हणून सोडून दिलं. नुकसान दोघांचं झालं, असं मला वाटतं.

२००६ चा जुलै घ्या, बॉम्बस्फोटाच्या आधीचा आठवडा. ५ तारखेला भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्याला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला, दोन मुसलमान मेले. नंतर जमावानं दोन पोलिसांना मारलं, तेही तितकंच भयंकर. चार दिवसांनी, ९ तारखेला, शिवाजी पार्कातल्या मीनाताई ठाकरे यांच्या अर्धपुतळ्याला चिखल फासल्याचं दिसलं. शिवसैनिक रस्त्यावर आले, मुंबईत रस्ते अडवले, बस जाळल्या. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीनं कुणी मेलं नाही. मरायला नकोच होतं. पुतळ्याच्या अपमानानं माणूस चवताळतो, हे त्या दिवशी पोलिसांना कळलं होतं आणि त्यांनी धीर धरला. हा धीर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर का नव्हता, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरला आंबेडकरांचा पुतळा फोडल्याच्या बातमीवरून महाराष्ट्र पेटला, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. त्याला दोन महिने आधीचं खैरलांजीचं हत्याकांड कारण होतं हे ज्यांना माहीत नव्हतं, ते म्हणत राहिले की कानपूरच्या दगडासाठी इथं गाडी का जाळता.

कोर्टानं या विषयाकडं रस्त्याच्या बाजूनं पाहिलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक जागी कुठल्याही धर्माचं नवं बेकायदा स्थळ होऊ देऊ नका असं राज्यांना बजावलं. मग केरळात राष्ट्रीय महामार्गावर एका दिवंगत नेत्याचा पुतळा बसवण्याचं प्रकरण आलं आणि १८ जानेवारी २०१३ ला कोर्टानं सांगितलं की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ, कडेच्या जागा इथं पुतळ्याला परवानगी देऊ नका. दिव्याचे खांब, वाहतूक, टोल एवढंच चालेल. रस्ता चालण्यासाठी आहे, हे बरोबरच आहे. आमच्या हदीसमध्येही वाटेतला अडथळा दूर करणं नेकी मानलं आहे. पण या नियमाचा फटका बसतो दुसऱ्या जातीच्या पुतळ्याला, कारण वस्तीजवळ रस्ता सोडून दुसरी सार्वजनिक जागा नसते. पहिल्या जातीच्या पुतळ्याला जागा, निधी, कला संचालनालयाची मंजुरी, सगळं रीतसर मिळतं. तरी मालवणात राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी शिवपुतळा डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत रेल्वे स्टेशनजवळच्या आंबेडकर पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी दगडफेक, जाळपोळ, मग पोलीस वस्तीत शिरले आणि धरपकड झाली. अटक केलेल्यांपैकी कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मेला.

दीनचं म्हणाल तर सूरह अनआममध्ये दुसरे लोक ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका अशी स्पष्ट ताकीद आहे. बाबासाहेब कुणाचे खुदा नाहीत, त्यांना मानणारे बौद्धही तसं म्हणत नाहीत. मग जिथं आराध्याचा मान राखायचा हुकूम आहे तिथं शेजाऱ्याच्या उपकारकर्त्याचा मान राखताना आपला ईमान कमी कसा होईल, हे मला त्या बुजुर्गांनी अजून सांगितलेलं नाही. हार घालायला कुणी बोलावत नाही. हार घातला गेला त्या दिवशी आपण कुठं होतो, एवढंच विचारलं जातं.

तमिळनाडूत कितीतरी गावांत आंबेडकरांचे पुतळे लोखंडी पिंजऱ्यात उभे आहेत. विटंबना होऊ नये आणि मग दंगल होऊ नये म्हणून. घाटकोपरला मात्र आता वस्तीच उठते आहे. ईस्टर्न फ्रीवे ठाण्याकडं वाढवायचा आहे आणि त्यासाठी रमाबाई नगर आणि कामराज नगर यांचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. झोपड्यांच्या जागी टॉवर येतील, हायवेच्या कडेला आणखी एक रस्ता येईल. ११ जुलैला लोक अजून तिथल्या शहीद स्मारकापाशी जमतात.